नाक आपल्याकडं

पाचव्या बॅचला एक माणूस आला.
फॉर्मवर व्यवसाय : केशकर्तन. वय : सत्तेचाळीस.
दहावीचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवीवर गुजरीतल्या कुठल्याशा सराफाचं नाव.
संताजी टिपुगडे.
"पोरासाठी," मी न विचारताच म्हणाला.
"त्याला गणितानं दोनदा चितपट केलं,
आणि तुमचा नियम दहावी पास मागतोय.
फवारणीचं मशीन हप्त्यावर बुक करून बसलोय.
तवर मीच."

मी सव्वीस वर्षांची.
गळ्यात शिट्टी, हातात जोडीचा रिमोट;
ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाखाली
दुसरा ब्रेक असतो, तशी मी उभी असते
प्रत्येकाच्या अर्धं पाऊल मागं.

मैदान म्हणजे कोतोली फाट्याच्या पुढं
खोडवा काढलेलं दोन एकर रान.
उजळाईवाडीच्या धावपट्टीभोवती नकाशा लाल,
लालच्या बाहेर पिवळा,
हिरव्या तुकड्यात पोचायला दोन एसट्या बदलाव्या लागतात.
वारा मोजायचं यंत्र आहे माझ्याकडं.
बघते मात्र गुऱ्हाळाच्या धुराकडं.
धूर उभा असला तर नवखे उडवतात,
पन्हाळ्याकडून वाकला की बॅटऱ्या खोक्यात.

दोन दिवस सगळं नीट.
चौकोन काढला, उंची राखली,
शेपटी आपल्याकडं असेतोवर कुणीही पायलट असतो.
तिसऱ्या दिवशी आठचा आकडा.
आठच्या अर्ध्यात ड्रोन वळतं,
नाक आपल्याकडं करून बघायला लागतं,
आणि डावं उजवं होतं.
इंजिनिअरिंगची पोरं इथंच गळतात.
एकानं उसात घातलं, एकानं माझ्या अंगावर आणलं,
मी शिट्टी फुंकली, ताबा घेतला,
हातवारे केले, फळ्यावर बाण काढले,
"उलटा विचार करा" म्हणून घसा बसवला.

टिपुगडेंनी आठ काढला.
आठच. एका दमात.
चुन्याच्या रेषेपासून हातभरही न सरकता.
पोरांनी मोबाईल खाली ठेवले.

"ह्यात उलटं कुठं काय हाय, मॅडम?
गिऱ्हाईक खुर्चीत, मी समोर, मिशी कोरतोय.
ते म्हणतंय, डावा कल्ला जरा बारीक.
आता माझा डावा बघत बसलो
तर चाललाच उजवा.
डावं-उजवं खुर्चीतल्याचं असतंय.
आपलं नसतंय."

मी फळा पुसला.
तीन वर्षं मी पोरांना उलटा विचार शिकवत होते;
हा माणूस नुसता
दुसऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसत होता.

परीक्षेला पुण्याहून साहेब आले. गॉगल, कमी बोलणं.
बांधावर पोरगं उभं, पोटाशी धरलेली जादा बॅटरी,
बापाकडं बघेना, वर बघत होतं.
साहेबांनी मध्येच जीपीएस काढून घेतलं,
यंत्र दारू प्यायल्यासारखं वाऱ्यावर निघालं.
टिपुगडेंचे अंगठे हलले की नाही, मला दिसलं नाही.
वस्तरा धरल्यागत, एवढंच सांगता येईल.
ड्रोन थांबलं. आलं. टेकलं.

लेखीत मात्र दोन मार्कांनी गेले.
हवाई क्षेत्राचे वर्ग, हवामानाचे संकेत,
इंग्रजीतले प्रश्न.
"गणित आमच्या घरचंच दिसतंय," म्हणाले,
आणि पोरगं पहिल्यांदा हसलं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्यांदा बसले.
सर्टिफिकेट आलं, दहा वर्षांच्या मुदतीचं.
फोटोत टाय, तो माझ्या भावाचा.

निघताना उंबराखाली थांबले, डोळे बारीक करून बघितलं,
"मॅडम, डाव्या कानावर राख बसलीया गुऱ्हाळाची."
माझा हात उठला
आणि मधेच अडला :
कुणाचा डावा?